साइडसॅडलसाठी व्हिक्टोरियन हॅबिट शिवायचंय, कुणाला बेतायची माहिती आहे का?

रानजाई
मंडळी, शीर्षक वाचून आधी हसून घ्या, मग मदत करा.

गेलं दीड वर्ष मी इथे लेस्टरशायरमध्ये साइडसॅडल शिकतेय. दोन्ही पाय घोड्याच्या डाव्या अंगाला, पण खांदे आणि कंबर मात्र सरळ घोड्याच्या कानांच्या दिशेने. सप्टेंबरात आमचा बायकांचा गट एका जुन्या जमीनदारी वाड्याच्या मैदानात १८८० च्या दशकातल्या पोशाखात फेरी काढणार आहे. त्या पोशाखाला हॅबिट म्हणतात: वर अंगासरशी जाकीट, खाली लोकरी स्कर्ट. शिवून घ्यायची किंमत विचारली आणि 'कळवते' म्हणून फोन ठेवला. आईच्या हाताखाली शिवण शिकलेय. ब्लाउज, सहा कळ्यांचा परकर, शिवलेली नऊवारी, सगळं येतं. म्हटलं, हेही शिवू.

मांजरपाटावर पहिला नमुना केला. लांब घेरदार स्कर्ट, कंबरेला पट्टी. आरशासमोर झकास दिसला. मेबलवर (आमची घोडी, वय १९, स्वभाव सासूचा) बसले आणि सगळंच बिनसलं. उजवा गुडघा खोगिराच्या शिंगावर (मांडी टेकवायला वर आलेला आकडा) चढतो आणि सगळं कापड वर ओढून घेतो. डावी नडगी उघडी. मांडीखाली कापडाचा बोळा. उजवीकडचं जास्तीचं कापड मेबलच्या पोटावर फटाफट वाजतंय.

बसल्यावर खालची कड जमिनीला समांतर दिसायला हवी. हे बेतायचं कसं? आणि पूर्ण बंद स्कर्ट करू की समोरचा नुसता एप्रन? माझं मन बंद स्कर्टाकडे आहे. तोच अस्सल वाटतो.

खवचट_काका
नऊवारी येते म्हणता, मग घोडं पेंड कुठे खातंय? कासोटा मारा आणि बसा दोन्हीकडे पाय टाकून. झाशीच्या राणीला कुणी हॅबिट शिवून दिलं नव्हतं.

रानजाई
काका, हे उत्तर पहिलंच येणार अशी नवऱ्याशी पैज लावली होती. जिंकले. आता पुढचं सांगा.

दीडशहाणा
माथेरानला मी एकदा घोड्यावर बसलो होतो. दोन्हीकडे पाय टाकूनही तिरका झालो होतो. तुम्ही एकीकडे टाकून सरळ बसता, दंडवत.

सुईदोरा
रानजाई, तुमची चूक एकच झाली. उभं राहून बेतलंत. हा कपडा उभ्या बाईसाठी नाहीच, बसलेल्या बाईसाठी आहे. मी नाटकांचे कपडे शिवते. एकदा अशा पोशाखाचं काम आलं होतं, तेव्हा मीही याच खड्ड्यात पडले होते.

तुम्हाला कटोरी ब्लाउज येत असणारच. तोच हिशोब उजव्या गुडघ्याला लावा. गुडघा हा उंचवटा आहे, त्याच्यासाठी कापडात वाटी तयार करायची. सपाट कापड मांडीवर टाका, गुडघ्याभोवती जिथे जिथे चुण्या पडतात तिथे चिमटीत धरून टाचण्या लावा. त्यांचे टक्स होतील, टोकं गुडघ्याकडे निमुळती. एक टक कंबरेकडून येतो, एक दोन गुडघ्यांच्या मधल्या खळग्यातून. वाटी नीट बसली की गुडघा कापड वर ओढत नाही, कारण त्याला त्याची जागा मिळालेली असते. डावी नडगी मग आपोआप झाकली जाते.

असा स्कर्ट जमिनीवर उभं राहून घातलात तर भयंकर दिसेल. उजव्या मांडीसमोर रिकामी पिशवी, कड एकीकडे वर, एकीकडे लोळणारी. घाबरू नका, तो तसाच दिसायला हवा.

मापं घ्यायला मात्र घोडी लागेल. मेबल नव्हे, सुताराची घोडी.

कातरवेळ
सुईदोरा अगदी बरोबर. त्या काळच्या लंडनच्या शिंप्यांकडे खरोखरच लाकडी घोडा असायचा. गिऱ्हाईक बाईला त्यावर खोगीर घालून बसवायचे आणि तिथेच टाचण्या लावायचे.

आणखी एक गंमत. बाकीचे कपडे बायका ड्रेसमेकर बाईकडून शिवून घेत, पण हॅबिट मात्र पुरुषांच्या शिंप्याकडून. लोकरी कापड वाफेने आणि इस्त्रीने आकारात आणणं, कॅनव्हास भरणं, कॉलर वळवणं ही कामं त्यांच्या हातची. आइल ऑफ वाइटवरच्या काउझ गावचा रेडफर्न यातूनच मोठा झाला. आज बायका कोट-स्कर्ट घालून ऑफिसला जातात त्याचं मूळ बरंचसं या घोड्यावरच्या जाकिटात आहे. आणि बायकांनी पुरुषी कोट घालण्यावर नाकं मुरडणं तर त्याहून जुनं. १६६६ साली सॅम्युअल पीप्सने राणीच्या सख्यांना अशा पोशाखात पाहिलं. कोटाखाली लोळणारा परकर नसता तर या बायका आहेत हे कुणालाच कळलं नसतं, अशी तक्रार त्याने रोजनिशीत लिहून ठेवली.

खवचट_काका
तेव्हापासून आजपर्यंत तक्रार तीच, रोजनिशीऐवजी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप.

अडीच_घरं
कपड्याचं तुम्ही बघा, मी जिवाचं बोलतो. मी बेंगळुरूला घोडे सांभाळतो, साइडसॅडल फार नाही, पण दोघींना शिकवलंय. बंद स्कर्टाचा नाद सोडा.

साइडसॅडलला दोन शिंगं असतात. वरच्यावर उजवी मांडी येते. खालचं वळलेलं शिंग डाव्या मांडीवर येतं, ते १८३० च्या सुमारास आलं. त्याआधी बायका बहुतेक दुडक्या चालीपर्यंतच. ते दुसरं शिंग आल्यावर चौखूर उधळता येऊ लागलं, कुंपणं ओलांडता येऊ लागली, कारण दोन मांड्यांमध्ये पकड मिळाली. पण त्याच शिंगांनी जीवही घेतले. बाई पडली की स्कर्ट शिंगात अडकायचा. बाई खाली, स्कर्ट वर, घोडा पळतोय. यावर उपाय म्हणून १८७० च्या दशकात सेफ्टी स्कर्ट निघाले, ताण आला की सुटणारे. पुढे मांडीखालचं कापडच काढून टाकलं, तो एप्रन.

रानजाई
हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या बाईंनीही हेच सांगितलं होतं, पण मला वाटलं त्या उगाच घाबरवतायत.

पडवीतली_मांजर
अहो, यात विलायतेचं काय कौतुक! आमच्या आयांनी अख्खा जन्म स्कूटरवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून काढला, तेही एका हातात पिशवी, मांडीवर पोर. आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड. सरकारी नियमच आहे, १९८९ चे मोटार वाहन नियम, मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं काहीतरी हवं. तुमचा सेफ्टी स्कर्ट तो आमचा साडीगार्ड.

अडीच_घरं
@पडवीतली_मांजर, उदाहरण चोख आहे. फरक इतकाच की तुमच्या आईच्या हातात हँडल नव्हतं. इथे डाव्या अंगाला दोन्ही पाय टाकलेली बाई स्वतः घोडा चालवते. उजव्या पायाचा इशारा द्यायला पाय नाही, म्हणून उजव्या हातात लांब छडी असते.

पडवीतली_मांजर
हँडल नव्हतं, पण 'हळू चालवा' होतं. छडीपेक्षा परिणामकारक.

निळी_शाई
विरजण घालते, माफ करा. पण हा पोशाख म्हणजे बाईला दोन पाय आहेत हे लपवण्याचा खटाटोप होता ना? ज्या खोगिरावर एकटीला चढता येत नाही, घसरलं तर मरायची भीती, ते आता हौसेने शिवून घालायचं? १९१३ मध्ये वॉशिंग्टनला बायकांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात इनेझ मिलहॉलंड पांढऱ्या घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून सगळ्यांच्या पुढे निघाली होती. शिवायचाच तर तिचा झगा शिवा.

रानजाई
@निळी_शाई, खरं सांगू? माझ्या उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालंय. दोन्हीकडे पाय टाकून रिकिबीत जोर दिला की रात्री झोप नाही. साइडसॅडलला उजवा पाय रिकिबीत नसतोच. मी राणीसाहेब व्हायला नाही, घोट्यामुळे तिकडे वळले. मग आवडायला लागलं.

निळी_शाई
हे आधी सांगायचं ना. शब्द मागे घेते. म्हणजे पोशाखाबद्दलचे नाही, तुमच्याबद्दलचे.

कातरवेळ
निळी_शाई, निम्मं पटतं. पण या खोगिरावर बायका नाजूक बसून राहत होत्या असं समजू नका. १९१५ मध्ये सिडनीच्या प्रदर्शनात एस्थर स्टेस नावाच्या बाईने साइडसॅडलवरून साडेसहा फुटांची उडी मारली. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, सिसी, आयर्लंडच्या खंदकांवरून पुरुषांच्या बरोबरीने शिकारीत घोडा फेकायची. ती मात्र हॅबिट अंगावरच शिवून घ्यायची. घालून झालं की शिंपी टाके घालणार, परतल्यावर उसवणार. कंबर जेमतेम पन्नास सेंटिमीटर.

दीडशहाणा
पन्नास सेंटिमीटर? माझी मान असेल तेवढी.

खवचट_काका
शिंप्याला दोनदा पैसे. त्याचं भलं झालं.

ओसरी
काकांच्या पहिल्या शेऱ्याकडे परत जाते. कासोटा विरुद्ध साइडसॅडल हा वाद खरोखर झालेला आहे, आणि त्यात एक बाजू मराठी होती.

१८३५ साली बायजाबाई शिंदे, म्हणजे दौलतरावांच्या विधवा पत्नी आणि कागलकर सर्जेराव घाटग्यांच्या कन्या, ग्वाल्हेरहून बाहेर पडून फतेहगडला छावणी करून होत्या. तिथे फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांच्याकडे येऊ-जाऊ लागली. बायजाबाई स्वतः उत्तम घोडेस्वार. त्यांना ही एका बाजूला बसायची तऱ्हा फार चमत्कारिक वाटली. फॅनीने आपलं खोगीर मागवून जनान्यात बसून दाखवलं, मराठा बायकांनीही त्यावर बसून पाहिलं. मग फॅनीने मराठी पद्धतीने दोन्हीकडे पाय टाकून बसून पाहिलं आणि ती हरखलीच. इतकं सुरक्षित वाटलं की चंद्रावरूनही उडी मारता येईल, असं काहीसं तिने पुढे छापलेल्या आठवणींत लिहिलंय. बायकांची बसायची पद्धत बदलल्याबद्दल तिने इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला मूर्ख ठरवलं. आणि आपण आशियाई असतो तर मराठाच झालो असतो, हेही.

म्हणजे काकांचा मुद्दा दोनशे वर्षांपूर्वीच एका इंग्रज बाईने मान्य करून टाकलाय.

खवचट_काका
ओसरीताई, आज जेवण गोड लागेल. घरात कुणी माझा मुद्दा दोन मिनिटंही मान्य करत नाही.

रानजाई
किती सुंदर! हे आमच्या गटात सांगणार. पण माझी कड अजून वाकडीच आहे हो. कापड कुठलं घेऊ? इथे दुकानात साधी सुटाची लोकर मिळाली, वाऱ्यावर उडते. खालच्या काठात वजन घालू का? जुन्या स्कर्टांना शिशाचे गोळे लावायचे असं वाचलं.

सुईदोरा
गोळे नकोत. ते नडग्यांवर आणि घोडीच्या बरगड्यांवर आपटतील, मेबल तुम्हाला सासूसारखी वागवेल. शिसं होतं ते शतकाच्या मध्यावर, जेव्हा स्कर्ट पावलांच्या खूप खाली लोंबायचे. तुमच्या १८८० मध्ये लांबी कमी झाली होती, पाऊल जेमतेम झाकेल इतकी. वजन कापडातच हवं. मेल्टन शोधा. घट्ट विणलेली, दाबून तयार केलेली जाड लोकर. आपल्याकडे जुनी माणसं बनात म्हणायची, त्याच घराण्यातली. कापलेली कड सुटत नाही, म्हणून खाली एकच पातळ दुमड पुरते. रंग गडद निळा, काळा किंवा बाटलीचा हिरवा.

आत दोन इलॅस्टिकच्या पट्ट्या लावा. एक उजव्या पायाच्या बोटांसाठी, एक डाव्या टाचेसाठी. त्यांनी कड खाली धरून ठेवली जाते. इलॅस्टिक सैलसरच, टाक्यांनाही फार जोर नको. पडलात तर निसटायला हवं.

शिंप्याचा_नातू
सुईदोराताईंच्या पुढे बोलायचं धाडस करतो. आजोबा पुण्यात लष्करात शिवायला बसायचे. साहेबांच्या ब्रिचेस, म्हणजे घोडेस्वारीच्या विजारी, शिवायचे. (काका, लष्कर म्हणजे कॅम्प, पलटण नाही.) ते म्हणायचे, घोडेस्वाराच्या कपड्यात शिवण कुठे आहे यापेक्षा कुठे नाही हे महत्त्वाचं. एप्रनखाली ब्रिचेस लागतीलच. जिथे मांडी शिंगाला टेकते आणि जिथे बूड खोगिराला टेकतं तिथे शिवणीची गाठ येऊ देऊ नका. तासाभरात वळ उठतो.

जाकिटाचंही तेच. मागची शेपटी छोटी ठेवा, खोगिरावर येऊन दुमडता कामा नये. मुंढा (बाही जोडायची खाच) वर, बगलेजवळ घ्या. मुंढा खाली असला की लगाम धरायला हात पुढे गेले रे गेले की सगळं जाकीट वर चढतं. आरशासमोर हात खाली सोडून माप घेऊ नका. दोन्ही कोपर वाकवून, लगाम धरल्यासारखे ठेवून घ्या.

सुईदोरा
हे मुंढ्याचं शंभर टक्के. मी लिहायचं विसरले होते.

कुंपणावरचा
कॉर्सेट लागेल का? बायकोला विचारलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की धागाच बंद करणार होतो.

कातरवेळ
त्या काळी घालायच्या, पण घोड्यावरचा वेगळा असे, कमरेखाली आखूड, म्हणजे मांडी वर उचलता यावी. रानजाईने नाही घातला तरी चालेल. जाकिटाला आतून कॅनव्हास आणि शिवणींना दोन-चार पट्ट्या दिल्या की बाहेरून तोच ताठपणा येतो. खोगीरभरती चालते, फक्त योग्य जागी.

दीडशहाणा
खोगीरभरती हा शब्द या धाग्यावर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वापरला गेला, याची नोंद घ्यावी.

निळी_शाई
इंग्लंडची राणी एलिझाबेथ (दुसरी) वाढदिवसाच्या संचलनात साइडसॅडलवरच असायची ना? लहानपणी टीव्हीवर पाहिल्यासारखं आठवतंय.

अडीच_घरं
हो, १९८६ पर्यंत, बर्मीज नावाच्या काळ्या घोडीवर. १९८१ मध्ये गर्दीतून एकाने रिकाम्या काडतुसांच्या फैरी झाडल्या. घोडी बिचकली, पण राणीने एका हाताने आवरली. साइडसॅडलची पकड काय असते ते त्या दिवशी जगाने पाहिलं. तेव्हा अंगावर एप्रनच्या जातीचाच स्कर्ट होता, रानजाईताई. राणीला चालतो तर तुम्हाला चालेल.

रानजाई
(तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, रागावू नका. सविस्तर लिहिते.

आमच्या बाईंनी जुनं खोगीर आठवडाभर उसनं दिलं. नवऱ्याने गॅरेजमधली सुताराची घोडी काढली, तिच्यावर जुनी गादी गुंडाळली, त्यावर खोगीर आवळलं. मी चढले आणि लगामाच्या जागी कपडे वाळत घालायची दोरी धरली. मुलाने व्हिडिओ काढून आजीला पाठवला. आजीचा निरोप, 'जावईबापूंना सांगा, तिला उतरवून घ्या, जेवायची वेळ झाली.'

मांजरपाट टाकून सुईदोराताईंनी सांगितलं तसं चिमटीत धरत गेले. पहिल्या खेपेला वाटी खूप मोठी झाली, गुडघ्यावर भगुलं उपडं घातल्यासारखी. टक आणखी खोल घेतले. तिसऱ्या खेपेला कापड असं काही बसलं की मी स्वतःच चूप झाले. नवरा जमिनीवर बसून फूटपट्टीने कड मोजत होता. पुढे-मागे फक्त दोन सेंटिमीटरचा फरक. तो खडूने आखून काढून टाकला.

आणि हो, एप्रनच केला. @अडीच_घरं, तुमच्या त्या 'बाई खाली, स्कर्ट वर' या वाक्यानंतर बंद स्कर्ट शिवायला हात झाला नाही. डावीकडून पाहिलं तर फरक कळत नाही. उजवीकडून बारीक नजरेला कळतो, तर कळू दे. आमच्या गटातल्या एका जुन्या बाईंनी पाहून सांगितलं की १८८० म्हणायचं सोडून १८९५ म्हण, म्हणजे एप्रन चुकीचा ठरत नाही. म्हणून जाकिटाच्या बाह्या आता वर थोड्या फुगवाव्या लागणार, कारण तेव्हा ती फॅशन होती. एक सोडवायला गेले की दुसरं उसवतंय.

मेल्टन गडद निळा मिळाला. जड इतका की मशीनची सुई दोनदा मोडली. शेवटी जाड सुई लावून चाक हाताने फिरवत शिवलं.

शिंप्याचा_नातू
जाड लोकरीला शिवणी इस्त्रीने नीट बसवल्यात का? ओलं फडकं टाकून दाबा, आणि वाफ निघाल्यावर लाकडाच्या ठोकळ्याने तसंच दाबून धरा. आजोबा ठोकळ्यानेच निम्मं काम करायचे.

रानजाई
ठोकळा नाही, पोळपाट वापरला. चालला.

ओसरी
फोटो?

रानजाई
सप्टेंबरात. आत्ता फक्त उतरल्यावरचं सांगते. एप्रनची मोकळी बाजू मागे ओढून कंबरेच्या बटणाला अडकवायची, की बाहेरून पूर्ण स्कर्ट दिसतो. कालच्या सरावात बटण लावायला विसरले आणि तशीच चहाच्या टपरीवर गेले. म्हणजे टपरी नाही, पण तुम्हाला कळलं. मागून नुसती ब्रिचेस. रांगेतली कुणीच काही बोललं नाही. इंग्रज.

खवचट_काका
पुण्यात असतीस तर रांगेतल्या तिसऱ्या माणसाने बटण कुठल्या दुकानात स्वस्त मिळतं तेही सांगितलं असतं.

पडवीतली_मांजर
रानजाई, तो एप्रन स्कूटीसाठी आखूड करून मिळेल का? मनापासून विचारतेय. मीही पाय एकीकडेच टाकते.

सुईदोरा
मांजरे, तुला गुडघ्याची वाटी लागणार नाही. स्कूटीला शिंग नसतं. माप पाठव.